दोन डेटाबेसमधल्या नोंदी कायम जुळत्या कशा ठेवायच्या?

कोरापाट

जुनी प्रणाली मायएसक्यूएल ५.७ वर आहे, नवी पोस्टग्रेस १५ वर. स्थलांतर टप्प्याटप्प्यानं चाललंय, त्यामुळे बराच काळ दोन्ही प्रणाली एकाच वेळी वापरात राहणार. ग्राहकांचं टेबल दोन्हीकडे आहे, चाळीस लाखांच्या आसपास रेकॉर्ड असतील. काही लोक जुन्या स्क्रीनवरून बदल करतात, काही नव्या. सध्या दर पाच मिनिटांनी एक क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) चालतो. 'शेवटचा बदल' हा कॉलम बघायचा, मागच्या फेरीनंतर जे बदललं ते उचलायचं आणि पलीकडे लिहायचं. हेच उलट दिशेनंही होतं.

तक्रारी अशा :
काही बदल पलीकडे पोचतच नाहीत. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही.
डिलीट केलेले ग्राहक परत येतात.
कधीकधी एकच रेकॉर्ड दोन्हीकडे आलटून पालटून बदलत राहतो.

टीममध्ये एक सूचना अशी आली आहे की क्रॉन काढून टाकू आणि ॲप्लिकेशनमधूनच दोन्ही डेटाबेसमध्ये एकदम लिहू. मला ते पटत नाहीये, पण का ते नेमकं मांडता येत नाही. अनुभवी लोकांनी सांगावं.

तळटीप

पहिल्या तक्रारीचं कारण जवळजवळ नक्की सांगता येईल. पोस्टग्रेसमध्ये नाऊ हे फंक्शन ट्रॅन्झॅक्शन (एकत्रच लागू होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ देतं, कमिटची (बदल पक्के होण्याची) नाही. समजा, एक ट्रॅन्झॅक्शन १०:०४ ला सुरू झालं आणि १०:०६ ला कमिट झालं. रेकॉर्डवर शिक्का बसला १०:०४ चा. तुमचा जॉब १०:०५ ला येऊन गेला तेव्हा हा बदल कमिटच झालेला नव्हता, म्हणून दिसला नाही. पुढची फेरी १०:०५ नंतरचे शिक्के शोधते आणि ह्या रेकॉर्डवर तर १०:०४ आहे. तो आता कुठल्याच फेरीत सापडणार नाही. कोणी त्याला पुन्हा हात लावला तरच सुटका.

मायएसक्यूएलमध्ये नाऊ त्या स्टेटमेंटची वेळ देतं, म्हणजे खिंड जरा अरुंद होते, पण कमिट त्यानंतरच होतो, म्हणून भोक तिथेही आहेच. वेळेऐवजी चढता आयडी वापरला तरी सुटका नाही. आयडी इन्सर्टच्या वेळी दिला जातो आणि १०२ नंबरचा रेकॉर्ड १०१ च्या आधी कमिट होऊ शकतो. जॉबनं '१०२ पर्यंत झालं' असं टिपून ठेवलं की १०१ गेला.

ताबडतोबीचा उपाय : प्रत्येक फेरीत थोडं मागे जाऊन उचला. तुमच्याकडचं सगळ्यात लांब ट्रॅन्झॅक्शन जितका वेळ चालतं त्याहून जास्त मागे. त्यामुळे तोच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा येईल, म्हणून पलीकडचं लिहिणं असं हवं की दहा वेळा केलं तरी निकाल एकच : असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट. पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून 'ऑन कॉन्फ्लिक्ट' आहे, मायएसक्यूएलमध्ये 'ऑन डुप्लिकेट की अपडेट'.

आणखी दोन गोष्टी तपासा. 'इथपर्यंत झालं' ही खूण जॉब चालवणाऱ्या मशीनच्या घड्याळावरून घेत असाल तर बंद करा, ती स्रोत डेटाबेसच्याच वेळेवरून घ्या. आणि मायएसक्यूएलमध्ये तो कॉलम साधा डेटटाइम असेल तर त्यात सेकंदाचे अंश नसतात. एकाच सेकंदातले निम्मे रेकॉर्ड ह्या फेरीत आणि निम्मे कुठेच नाहीत, असं होतं.

रानवाट

तळटीप यांना +१.

डिलीटबद्दल : जो रेकॉर्ड टेबलमध्ये उरलाच नाही, तो 'काय बदललं' ह्या क्वेरीला दिसणार कसा? तुमच्याकडे याच्यावर आणखी एक थर आहे. इकडून डिलीट झालेला रेकॉर्ड तिकडे जिवंत आहे. तिकडे कोणी त्याला स्पर्श केला की उलट दिशेचा जॉब म्हणतो, 'हा इकडे नाही, म्हणजे नवा दिसतोय', आणि घालून टाकतो. जॉबच्या दृष्टीनं 'अजून आला नाही' आणि 'होता, काढला' ह्या दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात. म्हणून काढल्याची खूण ठेवावीच लागते. एक तर रेकॉर्ड न काढता 'रद्द' असं चिन्ह आणि वेळ लिहा, नाहीतर डिलीट ट्रिगरमधून (डिलीट होताच डेटाबेस आपोआप चालवतो त्या कोडमधून) वेगळ्या टेबलात किल्ली टिपून ठेवा.

ह्या खुणा किती काळ ठेवायच्या, हा प्रश्न लोक सोडून देतात. सिंक जास्तीत जास्त जितका काळ बंद पडू शकतो त्याहून जास्त. कॅसांड्रा ह्या अनेक मशीनवर पसरलेल्या डेटाबेसमध्ये ह्यासाठी सेटिंगच आहे, मूळ किंमत ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस. एखादा नोड (त्यातलं एक मशीन) त्याहून जास्त काळ बंद राहिला आणि तसाच परत आणला, तर पुसलेला डेटा त्याच्याबरोबर परत येतो.

ट्रिगरचा मार्ग घेतलात तर एक खड्डा आत्ताच सांगून ठेवतो. मायएसक्यूएल ५.७ मध्ये फॉरेन कीच्या कॅस्केडमुळे (मूळ रेकॉर्डबरोबर त्याला जोडलेलेही आपोआप काढण्याच्या नियमामुळे) जे रेकॉर्ड जातात त्यांच्यासाठी ट्रिगर चालत नाही. ते काम इनोडीबी (मायएसक्यूएलचं साठवण इंजिन) आतल्या आत करतं. ग्राहक गेला याची खूण मिळेल, त्याच्याबरोबर गेलेल्या पत्त्यांची मिळणार नाही. पोस्टग्रेसमध्ये कॅस्केडनंही ट्रिगर चालतात, त्यामुळे एका बाजूला तपासून 'चालतंय' म्हणू नका.

मेखला

दोन्हीकडे एकदम लिहिण्याबद्दल. तुम्हाला पटत नाहीये ते बरोबर आहे, आणि टीमला सांगायला दोन कारणं देते.

पहिलं सगळ्यांना सुचतं : एकीकडे लिहून झालं आणि दुसरीकडे लिहायच्या आधी प्रोसेस मेली. रिट्राय घालू, असं कोणीतरी म्हणेल. पण रिट्राय करणारीच प्रोसेस गेलेली असते. काय राहिलंय हे तिच्या मेमरीत होतं.

दुसरं कमी लोकांना दिसतं आणि ते जास्त वाईट आहे, कारण त्यात काहीच बिघडलेलं नसतं. एकाच ग्राहकाचा फोन दोन जण साधारण एकाच क्षणी बदलतात. पहिल्याची विनंती जुन्या डेटाबेसमध्ये लिहिते. दुसऱ्याची जुन्यात लिहिते, मग नव्यातही लिहिते. त्यानंतर पहिल्याची नव्यात लिहिते. जुन्यात शेवटी दुसऱ्याचा नंबर राहिला, नव्यात पहिल्याचा. चारही लिहिणी यशस्वी. कुठेही एरर नाही, आणि दोन्ही डेटाबेस आता कायमचे वेगळे आहेत.

यावर 'टू फेज कमिट करा' (आधी दोन्हीकडे तयारी, म्हणजे प्रिपेअर, मग दोन्हीकडे कमिट) असं उत्तर येतं. ती सोय दोन्हीकडे आहे. पण पोस्टग्रेसमध्ये प्रिपेअर केलेल्या ट्रॅन्झॅक्शनची मर्यादा मुळात शून्य असते, म्हणजे ही सोय मुद्दाम चालू करावी लागते, आणि त्यामागे कारण आहे. प्रिपेअर झाल्यावर समन्वय करणारा मेला तर ते ट्रॅन्झॅक्शन लॉक धरून बसून राहतं. सर्व्हर रीस्टार्ट केला तरी जात नाही, व्हॅक्यूमही (जुन्या ओळींची सफाई) अडवून धरतं. कोणीतरी हातानं निर्णय द्यावा लागतो. शिवाय दोन्हीपैकी एक डेटाबेस बंद असला की तुमचं लिहिणंच बंद.

मी आउटबॉक्स वापरते. ज्या ट्रॅन्झॅक्शनमध्ये ग्राहक बदलतो, त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये त्याच डेटाबेसमधल्या आउटबॉक्स टेबलात 'ह्या ग्राहकात हा बदल झाला' अशी ओळ घालायची. दोन्ही एकत्र कमिट होतात किंवा एकही होत नाही. मग वेगळी प्रोसेस ती ओळ उचलून पलीकडे लावते आणि 'झालं' असं चिन्ह करते. चिन्ह करण्याआधी मेली तर तीच ओळ पुन्हा लावेल, म्हणून तळटीप म्हणतात तसं लिहिणं इथेही हवंच.

इथे जपायच्या दोन जागा. आउटबॉक्स वाचताना 'शेवटच्या आयडीच्या पुढचे' असं वाचू नका, १०१-१०२ ची तीच गोष्ट होईल. 'चिन्ह नसलेले सगळे' असं वाचा. आणि ट्रॅन्झॅक्शनमध्ये आधी ग्राहकाची ओळ अपडेट करा, नंतर आउटबॉक्समध्ये घाला. अपडेटमुळे त्या ग्राहकाचा लॉक हातात येतो, दुसऱ्याला थांबावं लागतं, आणि त्यामुळे त्या एका ग्राहकापुरता आउटबॉक्सचा क्रम आणि कमिटचा क्रम एकच राहतो. उलट केलंत तर ही हमी जाते.

खडू

मला वाटतं आपण फार लवकर मोठ्या यंत्रणेकडे निघालोय. लहान टेबलांसाठी (वर्गवारी, कोडची यादी, दर) रात्री सगळं टेबल नव्यानं कॉपी करणं हा उत्तम सिंक आहे. डिलीट आपोआप सुटतात, राहून गेलेलं काही उरत नाही. धाग्यातलं सगळं वाचून प्रत्येक टेबलाला आउटबॉक्स लावू नका.

मेखला

@खडू, अनुमोदन. फक्त कॉपी वेगळ्या टेबलात करून मग नावाची अदलाबदल करा, नाहीतर मधल्या वेळात वाचणाऱ्याला अर्धवट यादी दिसते.

समांतर

ॲप्लिकेशनच्या कोडला हात लावता येत नसेल तर डेटाबेसचा लॉग (प्रत्येक बदलाची त्यानं स्वतः ठेवलेली नोंद) वाचणं हा मार्ग आहे. मायएसक्यूएलचा बिनलॉग, पोस्टग्रेसचा वॉल. डेबेझियम हे साधन दोन्ही वाचतं : आधी पूर्ण स्नॅपशॉट, मग तिथून पुढचे बदल. लॉगमधून ट्रॅन्झॅक्शन कमिटच्या क्रमानं मिळतात, त्यामुळे वरचा वेळेच्या शिक्क्याचा घोळ मुळातूनच जातो. डिलीटही दिसतात.

मात्र तयारी लागते. मायएसक्यूएलचा बिनलॉग रो फॉरमॅटमध्ये हवा, म्हणजे त्यात चालवलेलं स्टेटमेंट नाही, बदललेल्या ओळी नोंदलेल्या हव्यात. ५.७.७ पासून तो तसाच येतो, पण जुनी कॉन्फिगरेशन फाईल पुढे पुढे आणलेली असेल तर त्यात स्टेटमेंट लिहिलेलं सापडू शकतं. पोस्टग्रेसमध्ये वॉल लेव्हल लॉजिकल करावी लागते, त्यासाठी रीस्टार्ट लागतो. ज्या टेबलाला प्रायमरी की नाही त्याची रेप्लिका आयडेंटिटी (ओळ कशावरून ओळखायची ते) ठरवून द्यावी लागते. न देता ते टेबल पब्लिकेशनमध्ये (बाहेर पाठवायच्या टेबलांच्या यादीत) घातलंत तर त्यावरचे अपडेट आणि डिलीट स्रोताकडेच एरर देऊन थांबतात, म्हणजे चालू ॲप्लिकेशन अडकेल.

सगळ्यात मोठा धोका रेप्लिकेशन स्लॉटचा, म्हणजे वाचणारा कुठवर आलाय ह्या खुणेचा. वाचणारा बंद पडला तर पोस्टग्रेस त्याच्यासाठी वॉल साठवत राहतं, डिस्क भरेपर्यंत. सिंक बंद पडला म्हणून मुख्य डेटाबेस बंद, अशी वेळ येते. १३ पासून 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ' आहे, ती मर्यादा पहिल्याच दिवशी घाला. मर्यादा ओलांडली तर स्लॉट बाद होईल आणि स्नॅपशॉट पुन्हा घ्यावा लागेल, पण डेटाबेस उभा राहील. माझ्या मते ही निवड अवघड नाही.

रानवाट यांनी सांगितलेला कॅस्केडचा खड्डा इथेही आहे बरं का. ५.७ मध्ये कॅस्केडनं गेलेले रेकॉर्ड बिनलॉगमध्येही लिहिले जात नाहीत. पलीकडेही तीच फॉरेन की कॅस्केडसकट असेल तर निभावतं.

लंबक

आत्तापर्यंतचं सगळं बरोबर आहे. पण हे सगळं बदल पोचवण्याबद्दल आहे. तुमची तिसरी तक्रार, रेकॉर्ड आलटून पालटून बदलत राहतो, ती पोचवण्यानं सुटणार नाही. तिथे बदल वेळेवर पोचतायत. अडचण ही आहे की दोघांपैकी कोणाचं खरं, हे कोणीच ठरवलेलं नाही.

दोन्ही दिशांचा सिंक मागणाऱ्या बहुतेकांना तो नको असतो. त्यांना हवं असतं की दोन्ही स्क्रीनवर ताजं दिसावं. या दोन वेगळ्या मागण्या आहेत. ताजं दिसण्यासाठी एका बाजूनं लिहायचं आणि दुसऱ्या बाजूनं कॉपी वाचायची, एवढं पुरतं. दोन्ही बाजूंनी लिहिण्याची गरज कुठल्या कॉलमला आहे, हे टेबलवार नाही, कॉलमवार विचारा. एका कागदावर सगळे कॉलम उतरवा आणि प्रत्येकापुढे मालक लिहा : जुना की नवा. उधारीची मर्यादा कोण ठरवतं? हिशेबाची प्रणाली, म्हणजे जुना. सूचना ईमेलनं हव्यात की मेसेजनं? नव्या स्क्रीनवरच विचारलं जातं, म्हणजे नवा. हा कागद तुम्ही एकट्यानं भरू नका. जे लोक तो डेटा वापरतात त्यांच्याबरोबर बसून भरा. कुठला फोन नंबर खरा हे डेटाबेसला कळत नाही, ग्राहकाला फोन करणाऱ्याला कळतं.

मालक ठरला की जो मालक नाही त्या बाजूला तो कॉलम लिहिण्याची परवानगीच काढून घ्या. कॉलमपुरती ग्रँट दोन्ही डेटाबेसमध्ये देता येते. 'कोणी लिहू नये असं ठरलंय' यावर विसंबू नका, कारण एखादी जुनी स्क्रिप्ट ते ठरलेलं वाचणार नाही. जुन्या स्क्रीनवर तो रकाना फक्त वाचण्यापुरता करा. स्क्रीन बदलता येत नसेल तर त्या स्क्रीनचं सेव्ह नव्या प्रणालीच्या एपीआयकडे वळवा. यात मेहनत आहे, पण ती एकदाच करायची. दोन मालकांची भांडणं सोडवायची मेहनत रोजची असते.

हे झाल्यावर तुमच्याकडे दोन्ही दिशांचा एक सिंक राहत नाही. एकेका दिशेचे दोन सिंक राहतात, वेगवेगळ्या कॉलमांचे, आणि ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. मेखला आणि समांतर यांनी सांगितलेलं मग जसंच्या तसं लागू पडतं.

कोरापाट

@लंबक, कागद भरला, टीमबरोबर बसूनच. बहुतेक कॉलमांना एकच मालक मिळाला, हे मलाच अनपेक्षित होतं. फोन आणि पत्ता मात्र खरोखरच दोन्हीकडून बदलतात आणि जुनी स्क्रीन काही काळ बदलता येणार नाही. ह्या दोनांसाठी 'ज्याची वेळ नंतरची तो जिंकला' असं ठेवू का?

लंबक

ठेवता येईल, पण त्याची किंमत माहीत असू द्या. दोन मशीनची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. ज्याचं घड्याळ पुढे, तो प्रत्येक वेळी जिंकतो. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं की वेगवेगळ्या मशीनवरच्या घटनांचा क्रम लावायला घड्याळाची गरज नाही, मोजणी पुरते. आणि हरलेला बदल गुपचूप नाहीसा होतो, हे मला जास्त खटकतं. कोणीतरी ग्राहकाशी बोलून पत्ता दुरुस्त केलेला असतो.

त्याऐवजी ह्या दोन कॉलमांसाठी आवृत्ती क्रमांक ठेवा, तोही एकाच बाजूला वाढणारा. समजा नवा डेटाबेस क्रमांक देतो. जुन्याकडून बदल येताना 'मी ७ वी आवृत्ती पाहून हा बदल केला' असं सोबत येतं. नव्यात अजून ७ च असेल तर बदल घ्या आणि ८ करा. एव्हाना ८ झाली असेल तर मधे दुसऱ्या कोणी लिहिलंय. तो बदल टाकून देऊ नका आणि लावूही नका, वेगळ्या टेबलात दोन्ही किमती घालून माणसासमोर ठेवा. एकाच ग्राहकाचा पत्ता एकाच वेळी दोघांनी बदलणं विरळा असतं, त्यामुळे ही रांग लांबत नाही. लांबली तर समजा की मालक ठरवण्यात काहीतरी चुकलंय.

समांतर

यात एक भर. सिंकनं लिहिलेला बदल परत सिंकनं उचलायला नको, नाहीतर तोच बदल गोल फिरत राहील. सिंकसाठी वेगळा डेटाबेस यूजर ठेवा आणि ट्रिगर किंवा आउटबॉक्समध्ये त्या यूजरचे बदल वगळा. आणि किंमत तीच असेल तर लिहूच नका. रिकामं अपडेटसुद्धा 'शेवटचा बदल' पुढे ढकलू शकतं आणि पलीकडच्याला वाटतं काहीतरी झालं.

अनुस्वार

उशिरा आलो. किमती 'त्याच' आहेत का, हे ठरवण्याबद्दल लिहितो, कारण ह्या दोन डेटाबेसमध्ये त्याचा अर्थ वेगळा आहे.

मायएसक्यूएलच्या नेहमीच्या कोलेशनमध्ये (मजकुराच्या तुलनेच्या नियमांत) लहान-मोठी लिपी सारखी मानली जाते आणि ५.७ मध्ये शेवटच्या स्पेसही तुलनेत धरल्या जात नाहीत. पोस्टग्रेसमध्ये दोन्ही वेगळे. ईमेलवर युनिक की असेल तर पोस्टग्रेसमध्ये असे दोन ग्राहक आरामात राहतील, जे मायएसक्यूएल घेणारच नाही, आणि सिंक तिथे अडकून बसेल. मायएसक्यूएलचा 'यूटीएफ८' तीन बाइटपर्यंतच जातो. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाहीत, त्यासाठी 'यूटीएफ८एमबी४' लागतं. वेळ दोन्हीकडे यूटीसीमध्ये ठेवा. पैसे डेसिमलमध्ये, फ्लोटमध्ये कधीच नाही.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक. 'दुसऱ्या' मधलं अक्षर दोन प्रकारे साठवलेलं सापडतं : काही कीबोर्ड नुक्ता असलेला 'ऱ' वापरतात, काही साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर फरक कळत नाही, बाइट वेगळे. युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशननंही (समान अक्षरं एकाच रूपात आणण्याच्या नियमानंही) हे दोन एक होत नाहीत, नियम स्वतः लिहावा लागतो. म्हणून नाव किंवा पत्ता जुळवून रेकॉर्डची जोडी लावू नका. दोन्ही बाजूंच्या आयडींची जोडी ठेवणारं एक वेगळं टेबल करा आणि जोडी एकदा ठरली की तीच वापरा.

तळटीप

आता जे राहिलं ते : पडताळणी. सिंक कितीही चांगला लिहिला तरी फरक पडतो. कोणी हातानं क्वेरी चालवतं, बॅकअपवरून टेबल परत आणलं जातं. म्हणून सिंकपासून पूर्ण स्वतंत्र असा दुसरा जॉब हवा, जो काहीही लिहीत नाही, फक्त तुलना करतो. सिंकचाच कोड वापरून पडताळणी केलीत तर जी चूक सिंकमध्ये तीच पडताळणीत.

रेकॉर्डची नुसती संख्या जुळवणं पुरेसं नाही, एक राहिला आणि एक जास्तीचा आला तरी संख्या जुळते. आयडीचे दहा-दहा हजारांचे पट्टे पाडा. अनुस्वार यांनी सांगितलेले फरक आधी एकसारखे करा, मग प्रत्येक पट्ट्याचा हॅश (त्यातल्या डेटावरून काढलेला छोटा ठसा) दोन्हीकडे काढा. ज्या पट्ट्याचा जुळला नाही तो अर्धा करा, पुन्हा अर्धा करा, शेवटी नेमका रेकॉर्ड हाती येतो. कॅसांड्रा प्रतींची तुलना मर्कल ट्रीनं (हॅशांच्या झाडासारख्या रचनेनं) करतं, त्यामागची कल्पना हीच. चाळीस लाख रेकॉर्ड म्हणजे चारशेच पट्टे, आणि जुळलेल्या पट्ट्यांत आत जावंच लागत नाही.

सापडलेला प्रत्येक फरक खरा नसतो, काही बदल वाटेत असतात. सिंकच्या नेहमीच्या विलंबापेक्षा जास्त थांबून फक्त तेवढे रेकॉर्ड पुन्हा बघा. तरीही फरक राहिला तर तो खरा.

कोरापाट

खरा फरक सापडला तर पडताळणीच्या जॉबनंच दुरुस्त केला तर चालेल? आणि मधल्या काळात सिंक चालू आहे की अडकलाय, हे कसं ओळखायचं? बदल कमी असले की शांतता आणि बंद पडणं सारखंच दिसतं.

तळटीप

दुरुस्ती थेट करू नका. वाचून लिहीपर्यंतच्या वेळात सिंकनं नवा बदल लावलेला असेल तर तुम्ही त्यावर जुनी किंमत टाकाल. मालक बाजूच्या आउटबॉक्समध्ये त्या ग्राहकाची ओळ पुन्हा घाला, म्हणजे दुरुस्ती नेहमीच्या वाटेनंच, रांगेतच जाईल. आणि प्रत्येक दुरुस्तीचं कारण लिहून ठेवा. एकाच कॉलमचे फरक वरचेवर यायला लागले की कुठली स्क्रिप्ट मागून लिहितेय ते त्या यादीतून सापडतं.

दुसऱ्यासाठी : दोन्ही स्रोतांत एका ओळीचं छोटं टेबल ठेवा, दर मिनिटाला त्यात आत्ताची वेळ लिहा आणि ते टेबल सिंकमध्ये घाला. पलीकडे पोचलेली वेळ आणि आत्ताची वेळ यातलं अंतर म्हणजे तुमचा विलंब. ते पाच मिनिटांच्या वर गेलं की अलर्ट. पोस्टग्रेसच्या लॉगवरून वाचणार असाल तर याचा आणखी एक फायदा आहे : ज्या डेटाबेसमध्ये फारसे बदल होत नाहीत पण त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये होतात, तिथे स्लॉट पुढे सरकतच नाही आणि वॉल साठत जातो. ही मिनिटाची ओळ त्याला पुढे सरकवत राहते.